एकाला जुलाब-उलट्या, बाकीच्यांना लागण नको : घरातल्या स्वच्छतेचा नेमका क्रम

घरात कुणाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या की फिनाईलची बाटली बाहेर निघते, लादी दिवसातून दोनदा पुसली जाते, आणि तरी दोन-तीन दिवसांत दुसरं माणूस आडवं पडतं. एवढे कष्ट करूनही असं होतं, कारण क्रम चुकतो. घाण पुरती न काढता तिच्यावरच औषध ओतलं जातं. औषधाला वेळ न देता लगेच फडकं फिरवलं जातं. आणि ज्या वस्तूंना घरातल्या प्रत्येकाचा हात लागतो, म्हणजे संडासातलं टमरेल, दाराची कडी, बेसिनजवळचा नॅपकिन, माठावरचं ओगराळं, त्या तशाच राहतात.

पुढचा क्रम जुलाब-उलट्यांच्या आजारासाठी आहे. नोरोव्हायरस आणि रोटाव्हायरस ही त्याची नेहमीची कारणं. कॉलरा, टायफॉईड आणि 'अ' प्रकारची कावीळही शौचातूनच पसरते, त्यामुळे तिथेही हाच क्रम चालतो. नोरोव्हायरसचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी आजार होतो, आणि हात चोळायच्या सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. वासाच्या पांढऱ्या फिनाईलवर त्याच्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. घरात वास चांगला येतोय यावरून काहीच ठरत नाही.

आधी डॉक्टर : शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, सहा-आठ तास लघवी नाही, पाण्याचा घोटही टिकत नाही, माणूस गुंगीत आहे, यांतलं काहीही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि रुग्णाला दवाखान्यात न्या. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस आजारी असेल तर या खुणा दिसायची वाट पाहू नका.

## १. पहिल्याच तासात सामान एका जागी आणा

उलटी झाल्यावर हातमोजे शोधत घरभर फिरलात, तर त्याच हातांनी चार कपाटं उघडली जातात. म्हणून एक बादली घ्या आणि तिच्यात हे सगळं भरून संडास-न्हाणीजवळ ठेवा: रबरी हातमोजे (भांड्यांच्या मोज्यांपेक्षा वेगळ्या रंगाचे), दोन-तीन मास्क, जुनी वर्तमानपत्रं, फेकून देता येतील अशी जुनी सुती फडकी, कचऱ्याच्या पिशव्या, कपड्यांची साबण पावडर, सोडियम हायपोक्लोराइटची (म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचची) बाटली आणि औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण. ते टोपण यापुढे औषधासाठी वापरायचं नाही. त्यावर मार्करने फुली मारून ठेवा.

रुग्णाच्या गादीवर चादरीखाली मेणकापड घाला. ते नसेल तर जाड प्लास्टिक चालेल. गादी एकदा आतपर्यंत भिजली की ती नीट स्वच्छ करणं घरी जवळपास अशक्य असतं. खाटेशेजारी झाकणाचा टब किंवा जुनी बादली ठेवा आणि आत पिशवी लावा. उलटीसाठी स्वयंपाकघरातलं पातेलं देऊ नका, नंतर कितीही घासणार असलात तरी.

## २. माणसं वाटून घ्या

रुग्णाचं सगळं एकाच माणसाने करायचं आणि स्वयंपाक दुसऱ्याने करायचा. नियम एवढाच आहे, पण आपल्या घरांत तोच सगळ्यात जास्त मोडतो, कारण दोन्ही कामं एकाच बाईच्या अंगावर पडलेली असतात. घरात दुसरं हात चालणारं माणूस असेल तर ते दोन-चार दिवस वरण-भात लावू शकतं. त्याला लावायला लावा.

खरोखरच एकटीला सगळं करायचं असेल तर वेळ वाटून घ्या. आधी स्वयंपाक आणि वाढणं, मग रुग्णाची खोली, सगळ्यात शेवटी संडास. उलट दिशेने जायची वेळ आली तर वरून घातलेला जुना सदरा किंवा गाऊन न्हाणीतच उतरवा, हात कोपरापर्यंत धुवा, मगच ओट्याशी जा. अंगठ्या आणि बांगड्या या दिवसांत काढून ठेवा, नखं कापा.

हात साबणाने निदान वीस सेकंद घासा: बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांच्या कडा. एक बारकी चूक इथे सगळ्यांची होते. घाणेरड्या हाताने नळ उघडतो, हात धुतो आणि त्याच नळाला हात लावून तो बंद करतो. साबणाचा फेस हातावर असतानाच नळाची मूठ घासा आणि हातांबरोबर तीही धुवून घ्या. आणि बेसिनजवळचा सगळ्यांचा नॅपकिन आजच काढा. प्रत्येकाला आपापला, वेगळ्या रंगाचा द्या.

घरकामाला मावशी येत असतील तर त्यांना आल्या आल्या स्पष्ट सांगा. रुग्णाचे माखलेले कपडे आणि संडास त्यांच्याकडे देऊ नका. शक्य असेल तर पगार न कापता चार दिवस सुट्टी द्या. त्या इथून पुढच्या घरी स्वयंपाकाला जातात आणि त्यांच्याही घरी मुलं आहेत.

तपासा : दारं-खिडक्या उघडून खोलीत वारा खेळतोय ना? बेसिनवर साबण आहे ना? सामायिक टॉवेल कुठे लटकत राहिला नाही ना?

## ३. द्रावण करा, मोजून

इथे अंदाज चालत नाही. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर डोळे-घसा चुरचुरतो आणि स्टीलच्या नळावर डाग पडतात.

बाटलीवर 'सोडियम हायपोक्लोराइट' असं लिहिलेलं पाहा आणि त्याचं प्रमाण वाचा. कपड्यांसाठी मिळणारी प्रत्येक 'ब्लीच' ही क्लोरीनची असेलच असं नाही. दोन द्रावणं लागतात.

साधं द्रावण (०.१ टक्का), कड्या, नळ, संडास, लादीसाठी : बाटली ५ टक्क्यांची असेल तर १ लिटर द्रावणात २० मिली, ४ टक्क्यांची असेल तर २५ मिली, १० टक्क्यांची असेल तर १० मिली. बाकी पाणी.

तीव्र द्रावण (०.५ टक्का), जिथे प्रत्यक्ष उलटी किंवा शौच पडलं त्या जागेसाठी : वरच्या मापाच्या पाचपट. म्हणजे ५ टक्क्यांची बाटली असेल तर १०० मिली ब्लीच आणि ९०० मिली पाणी.

गावाकडे बाटली मिळत नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मिळू शकते. ताजी, भुकटी मोकळी आणि नाकाला झोंबणारा वास असलेली पावडर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे सपाट मोठा चमचाभर, १ लिटर पाण्यात ढवळा, गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणी घ्या. हे झालं तीव्र द्रावण. त्याच्या एका भागात चार भाग पाणी घातलं की साधं द्रावण तयार होतं. पावडरीचे ओलसर गोळे झाले असतील आणि वास गेला असेल तर तिच्यात दम उरलेला नाही.

पाणी थंडच घ्या, कारण गरम पाण्यात क्लोरीन उडून जातो. द्रावण रोज ताजं करा, उन्हात ठेवू नका. स्प्रेच्या बाटलीतून फवारू नका. त्याचा बारीक तुषार छातीत जातो आणि पृष्ठभागावर पुरेसं द्रावण राहतही नाही. फडकं भिजवून फिरवा किंवा ओता.

सावध, हे जीवावर बेततं : ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबू मिसळू नका. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेकदा आम्ल असतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो कोंडून राहतो. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरबरोबरही ब्लीच नको. लघवीच्या भांड्यात किंवा उलटीच्या टबात थेट ब्लीच ओतू नका, आधी ते संडासात रिकामं करा. द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका. ज्यात भराल त्यावर मोठ्या अक्षरात 'विष, पिऊ नये' लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.

## ४. उलटी किंवा शौच सांडलं तर

हा सगळ्यात धोक्याचा क्षण. उलटीचे शिंतोडे दिसतात त्याहून बरेच लांब गेलेले असतात. पहिली प्रतिक्रिया म्हणजे पंखा मोठा करणं आणि पोछा मारणं. दोन्ही करू नका. पंखा कण खोलीभर उडवतो आणि पोछा घाण लादीभर पसरवतो.

1. मुलांना आणि बाकीच्यांना खोलीबाहेर काढा. पंखा बंद करा, खिडकी उघडा.
2. मोजे आणि मास्क घाला. मोजे नसतील तर हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या मनगटाशी बांधा.
3. घाणीवर वर्तमानपत्राचे थर किंवा जुनं फडकं टाका आणि ओल शोषू द्या. अंगणात किंवा मातीच्या जमिनीवर राख किंवा रेती टाकली तरी चालते. झाडू लावू नका.
4. कडेकडून मध्याकडे गोळा करत उचला आणि थेट पिशवीत टाका.
5. जागा साबणाच्या पाण्याने घासून पुसा. ही पायरी गाळू नका. घाण शिल्लक असेल तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतो आणि विषाणूसाठी काही उरत नाही.
6. आता तीव्र द्रावण ओता. जागेच्या चारी बाजूंना पाच-सहा फुटांपर्यंत साध्या द्रावणाचं फडकं फिरवा. खाटेचे पाय, भिंतीचा खालचा भाग, जवळची चप्पलसुद्धा.
7. दहा मिनिटं ओलं राहू द्या. घड्याळ बघा.
8. साध्या पाण्याने पुसून घ्या. फडकी पिशवीत टाका, पिशवीचं तोंड बांधा, मोजे आतली बाजू बाहेर करत काढा, हात धुवा.

सोफा, सतरंजी, रंगीत पडदा यांवर ब्लीच नको, रंग उडेल. घाण काढा, साबणाच्या गरम पाण्याने दोनदा पुसा आणि कडक उन्हात ठेवा. कापड सोसत असेल तर वाफेची इस्त्री फिरवा.

बांधलेल्या पिशव्या आणि डायपर ओल्या कचऱ्यात टाकू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा आणि वेगळं द्या. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने ही ठिपक्याची पद्धत रुजवली. आपल्या शहरात नसली तरी करा, कारण कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाला आत काय आहे ते उघडण्याआधी कळायला हवं.

## ५. संडास एकच असेल तर

दोन संडास असतील तर एक रुग्णासाठी राखून ठेवा आणि पुढच्या टप्प्यावर जा. बहुतेकांकडे एकच असतो, आणि तिथे सगळं लक्ष पडतं ते भांड्यावर. भांड्यापेक्षा लागण जास्त होते ती हात लागणाऱ्या जागांतून.

रुग्ण आत गेला की त्याचा हात कशाकशाला लागतो ते एकदा ओळीने आठवा. बाहेरचं बटण, कडी, टमरेलाचा कान, नळ किंवा जेटचा खटका, फ्लश, पुन्हा कडी, मग बेसिनचा नळ. त्याच ओळीने साध्या द्रावणाचं फडकं फिरवायचं, आणि भांडं सगळ्यात शेवटी. विजेच्या बटणावर फडकं घट्ट पिळून, हात कोरडा ठेवून फिरवा. दर वेळी हे जमणार नाही. निदान दिसेल अशी घाण झाल्यावर लगेच, आणि एरवी सकाळ, दुपार, रात्र असं करा.

रुग्णाचं टमरेल वेगळं ठेवा, दुसऱ्या रंगाचं. एकट्या या बदलाने मोठा फरक पडतो. पाणी बादलीत भरून ठेवायची सवय असेल तर ती बादलीही वेगळी हवी, कारण धुतलेला हात पुन्हा त्याच पाण्यात बुडतो. कमोड असेल तर झाकण लावून मग फ्लश करा. टूथब्रशचा स्टँड न्हाणीतून बाहेर काढा.

चाळीत सामायिक संडास असेल तर रुग्णाची बादली आणि टमरेल घरातून न्या आणि परत आणा, जाताना द्रावणाचं फडकंही बरोबर असू द्या. शेजाऱ्यांना सांगायला संकोच वाटतो, पण सांगा. त्यांची मुलंही त्याच कडीला हात लावतात.

सावध : भांडं टॉयलेट क्लीनरने घासलं असेल तर भरपूर पाणी ओतून, निदान दोन-तीनदा फ्लश करून, मगच ब्लीच वापरा. खरं तर या दिवसांत टॉयलेट क्लीनर कपाटातच ठेवलेलं बरं. साबण आणि ब्लीच एवढ्यावर काम भागतं.

## ६. कपडे

माखलेले कपडे झटकू नका, छातीशी धरून नेऊ नका. जागेवरच गुंडाळा, घाण आत राहील असे, आणि बादलीत टाका. आधी घाण संडासात धुवून काढा, बेसिनमध्ये किंवा मोरीत नाही. मग घरच्या बाकी कपड्यांपासून वेगळे धुवा: मशीनमध्ये सोसेल तेवढं गरम पाणी, ६० अंश किंवा वर, आणि लांबलचक सायकल. हाताने धुणार असाल तर सुती कपडे उकळत्या पाण्यात साबणासकट भिजवून ठेवा. पांढऱ्या सुती चादरी साध्या द्रावणात दहा मिनिटं बुडवून मग धुतल्या तरी चालतात. मशीन भरताना कपडे कोंबू नका. पाण्याला फिरायला जागा लागते.

वाळवायचे ते उन्हातच. पावसाळ्यात ऊन नसेल तर पूर्ण कोरडे झाल्यावर कडक इस्त्री. कपडे मशीनमध्ये घातल्यावर हात धुवायचे राहून जातात आणि त्याच हाताने मशीनचं बटण, दार, कपड्यांचा चिमटा हाताळला जातो.

## ७. पाणी आणि स्वयंपाकघर

आधी एक प्रश्न विचारा. एकाच दिवशी घरातली दोघं-तिघं आजारी पडली आहेत का, किंवा इमारतीत, वाडीत आणखी घरं आहेत का? असेल तर कारण बहुधा पाणी किंवा एकत्र खाल्लेलं अन्न. मग घर कितीही पुसलं तरी आजार येत राहील. सोसायटीला टाकी तपासायला सांगा. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा आशाताईंना कळवा.

पिण्याचं पाणी सगळ्यांसाठी उकळा. खळाखळा उकळी फुटली की पुढे निदान एक मिनिट तशीच ठेवा. झाकून, त्याच भांड्यात गार करा. उकळलेलं पाणी न घासलेल्या माठात ओतलं की सगळी मेहनत वाया जाते. माठ साबणाने किंवा ब्रशने आतून घासून, भरपूर धुवून, उन्हात वाळवून मगच भरा. पेला आत बुडवायचा नाही. लांब दांड्याचं ओगराळं वापरा, किंवा तोटीचं पिंप असेल तर उत्तम.

ओआरएस याच पाण्यात करा. पाकिटावर १ लिटर लिहिलंय की २०० मिली ते वाचा आणि अख्खं पाकीट तेवढ्याच पाण्यात घाला, निम्मं नको. जग झाकून ठेवा, रुग्णाला पेल्यात ओतून द्या, जगाला तोंड लावू देऊ नका. २४ तासांनी उरलेलं फेका.

रुग्णाची ताट-वाटी वेगळी ठेवली तर सोपं पडतं, पण साबणाने नीट घासून गरम पाण्याने धुतली आणि उन्हात वाळवली तरी पुरे. ओट्याचं फडकं आणि भांड्यांची घासणी मात्र रोज उकळा. कोशिंबीर, कापलेली फळं, ओली चटणी असलं न शिजवलेलं खाणं या आठवड्यात बंद.

## ८. रोजची दहा मिनिटांची फेरी

दिवसातून दोनदा साधं द्रावण आणि एक फडकं घेऊन घरात फिरा. स्वच्छ बाजूकडून घाणेरड्या बाजूकडे, म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराकडून संडासाकडे. कड्या, बटणं, फ्रीजची मूठ, नळ, खुर्च्यांच्या पाठी, कठडा. रिमोट आणि मोबाईलवर ब्लीच नको. मोबाईल धुता येईल अशा प्लास्टिकच्या पाकिटात घालून रुग्णाला द्या आणि ते पाकीट रोज साबणाने धुवा. धातूच्या कड्या-नळांवरून दहा मिनिटांनी साध्या पाण्याचं फडकं फिरवा, नाहीतर गंज धरतो.

भेटायला येणाऱ्यांना दारातूनच नमस्कार करा. आजारी माणसाची विचारपूस फोनवरही होते.

## ९. बरं वाटल्यावर

बहुतेक घरं इथे चुकतात. जुलाब थांबले, माणूस उठून बसला, की मोजे आणि ब्लीच कपाटात जातात. पण विषाणू शौचातून पुढेही, कधी दोन आठवडे किंवा जास्त, बाहेर पडत राहतो.

शेवटची उलटी किंवा शेवटचे जुलाब झाल्यावर ४८ तास मोजा. तोवर शाळा नाही, ऑफिस नाही, आणि त्या माणसाने कुणासाठी स्वयंपाक करायचा नाही. चहासुद्धा नाही. टायफॉईड किंवा कावीळ असेल तर हा काळ डॉक्टरांनाच विचारा, तो वेगळा असतो.

४८ तास झाले की खोली एकदा पूर्ण करा. चादरी, अभ्रे, पडदे काढून टप्पा ६ प्रमाणे धुवा. मेणकापड साबणाने घासून द्रावणाने पुसा. गादी आणि उश्या दिवसभर उन्हात ठेवा, दुपारी उलटा. मग लादी, खाट, दार, कड्या. उलटीचा टब घासून, तीव्र द्रावणाने भरून दहा मिनिटं ठेवा आणि माळ्यावर टाका, पुन्हा घरकामाला वापरू नका. टूथब्रश नवा घ्या.

वेगळं टमरेल, वेगळा टॉवेल आणि संडासानंतरचे वीस सेकंद मात्र आणखी दोन आठवडे चालू ठेवा. मुलांना तेवढे दिवस पोहायला पाठवू नका. शाळेत जाताना डब्याबरोबर साबणाची छोटी वडी द्या, कारण शाळेच्या नळावर साबण असेलच याची खात्री नसते.